चार लाल पुरचुंड्या

११ नोव्हेंबर १९९९, गुरुवार

‘न झालेल्या दुखण्याला पैसा? चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला!’ – मी गोळ्यांचं काढलं, त्यावर मामंजींचं आजचं वाक्य. आणि सगळे हसले. हेही हसले! ह्यांना मी बघून घेईन.

पुढच्या बुधवारी निघायचं आहे. दिवाळी सरली की आमची मेंढरं माळशेजचा घाट उतरून कोकणात जातात, पावसाळ्याच्या तोंडावर वर येतात. खालचे भातवाले आपापल्या खाचरात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात भात देतात. त्यावर आमचं वर्ष निघतं. मामंजी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि हे – तिघं जाणार. मी राहणार. मला दिवस गेलेत, आणि गेल्या साली खाली जे झालं ते झालं.

गेल्या साली मलेरियानं धरलं. आधी ह्यांना, मग मला. आता कुणीही विचारलं की मामंजी सांगतात, ‘तापानं अकरा मेंढरं खाल्ली.’ पण दवाखान्याला त्यातली तीनच गेली! बाकीची आठ कुठं गेली ते मी आज बोटांवर मोजून सांगितलं. बावीस दिवस तळ एका जागी अडकला, म्हणून बावीस दिवसांचा भात बुडाला आणि खायला विकत घ्यावा लागला – तीन गेली. राखणीला माणूस लावला – दोन. आम्ही तापात पडलेलो, तेव्हा कुत्र्यांनी फाडली – तीन. डॉक्टरचं बिल सगळ्यांना दिसतं, हे कुणाला दिसत नाही. मामंजींनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, ‘शाळा शिकल्याली सून, न् वरून वकील!’

उरलीत त्रेचाळीस. आणखी दहा गेली तर कळप मोडायचा आणि लोकांच्या टोमॅटोत रोजानं जायचं, हे त्यांनीच ठरवलंय. टिकल्या एडका तेवढा विकणार नाहीत. गेल्या साली मी तापानं बडबडत होते तेव्हा गिऱ्हाईक तळावर उभं होतं, टिकल्याचे दुप्पट द्यायला तयार. मामंजींनी नाही म्हटलं. त्याच्या गळ्यातल्या घंटेमागं सगळा कळप चालतो, खरं आहे. तरी माझ्या मनातून जात नाही.

अकरांवर एक बारावंही होतं. मला चौथा महिना होता. ते कुणी मोजलं नाही. मीपण बोलले नाही.

१२ नोव्हेंबर

गोळ्यांचं हे खूळ डोक्यात आलं कुठून ते लिहून ठेवते. खोडदच्या दुर्बिणीवर पाहुण्यांचं घर आहे, तिथं मी झाडलोट करते, रोज पस्तीस रुपये. सध्या हॉलंडची एक बाई आलीये. ती दर रविवारी नाश्त्याबरोबर एक पांढरी गोळी घेते. ताप नाही, थंडी नाही, बाई कशी धडधाकट! मला चैन पडेना. सोपानदादाला विचारायला लावलं – तो तिथला आचारी, त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येतं.

बाई म्हणाली, मलेरिया होऊ नये म्हणून. इकडं यायच्या आधीपासून घेतेय, आहे तोवर घेणार, आणि घरी गेल्यावरही चार आठवडे. कारण हा मेला रक्तात लपून बसतो आणि माणूस घरी पोचला की मग उठतो. एका गोळीला किती पडतात विचारलं तर म्हणे दोनशे रुपये! माझा जवळजवळ आठवड्याचा रोज एका घोटात! वर म्हणते, स्वस्तच आहे. आजारी पडले तर दवाखाना, नवं तिकीट, बुडालेलं काम, त्यापुढं गोळी काहीच नाही.

अगं बाई, हा तर माझाच हिशोब! फक्त तिच्याकडं मेंढरं नाहीत.

१३ नोव्हेंबर

संपतभाऊंना गाठलं. सरकारी मलेरियावाले. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर फिरतात, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतात. म्हणाले, ‘ताप आला की गोळ्या फुकट, वहिनी. तापाआधीच्या आमच्या कागदात न्हाईत.’ म्हणजे सरकार आणि मामंजी एकाच पंगतीला बसलेले!

पण माणूस भला. बाईची महागाची गोळी नको म्हणाले, आपली साधी क्लोरोक्विन पुरे. आठवड्याला दोन, पोटभर जेवून. जायच्या आधी एक आठवडा, खाली असेपर्यंत, आणि वर आल्यावर चार आठवडे. ‘शेवटच्या चार चुकवू नका. लोकं तिथंच चुकत्यात.’

मच्छरदाणीचंही विचारलं. दीडशेला एक. आणि उघड्या खाचरात ती बांधायची कशाला? टिकल्याच्या शिंगाला?

नारायणगावला मेडिकलवाल्यानं दोनदा विचारलं, ‘दोनशे गोळ्या? ताई, दुकान टाकताय का?’ साठ पैशाला एक. एकशे वीस रुपये, माझ्या रोजातले. मेंढराचा एक कानसुद्धा येणार नाही तेवढ्यात.

१४ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना वाचता येत नाही. तारखा मेंढरांना नसतात, ह्यांनाही नाहीत. रविवार तेवढा कळतो, खाली बाजार असतो म्हणून. तेव्हा दोन-दोन गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधल्या आणि लोकरीच्या दोऱ्यात ओवल्या. तिघांच्या तीन माळा, प्रत्येकीत बत्तीस. अठ्ठावीस पांढऱ्या, जुन्या धोतराच्या. शेवटच्या चार लाल. वेगळ्या दिसाव्यात म्हणून माझ्या लग्नातल्या चोळीची एक बाही फाडली. ह्यांना तीनदा सांगितलं, ‘पांढऱ्या दर बाजारी. लाल चार घाट चढल्यावर.’ ‘कळलं की. येडा हाय का मी?’

मामंजी तोंड फिरवून बसले होते. तेव्हा आत्याबाई भाकरी टाकून उठल्या. म्हणाल्या, ‘गेल्या साली पोरीला नदीवर मी धुतली हाय. तुमी न्हाई. आन गं ती गोळी.’ आणि पाणी न घेताच गिळली! मग मामंजींनीही खाल्ली. ‘कडूजहर! ह्यानं डास मरायचा का मी?’

मी आत जाऊन रडले. आत्याबाई त्याबद्दल पहिल्यांदाच बोलल्या.

१७ नोव्हेंबर

गेले. पुढं टिकल्या, मागं घोडं, घोड्यावर भांडी आणि कोंबड्या. ह्यांनी वळून बघितलं नाही. बघायचं नसतं म्हणतात. नसतं तर नसतं, पण मी उभी होते की!

१८ नोव्हेंबर

वाडीत माणूस नाही. सहा झोपड्या, पाच कुलपं. सोबतीला एक झुंबरमावशी – चालवत नाही म्हणून मागं ठेवलेली म्हातारी. तिला ऐकू येत नाही. मी बोलते, ती ‘व्हय व्हय’ म्हणते. कुत्री पण गेली. इतकी शांतता बरी नव्हे.

५ डिसेंबर, रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता वारूळवाडीच्या एस.टी.डी. बूथवर फोन करायचा, असं ठरलंय. मी दहालाच जाऊन बसले. आलेल्या फोनचेही दोन रुपये घेतो तो बूथवाला! आला फोन. ह्यांना फोनवर बोलता येत नाही, नुसते ओरडतात.

‘बरी हाय का?’
‘बरी आहे. गोळ्या?’
‘चालू हायेत. आई देती बाजाराच्या दिशी.’

मागं घंटा वाजत होती, टिकल्याची. तीच ऐकत बसले. मिनिट संपलं.

१९ डिसेंबर

हॉलंडची बाई गेली. जाताना सोपानदादाकरवी सांगितलं, बाळाला जप. मी म्हटलं, तू चार गोळ्या विसरू नको. हसली बाई.

२ जानेवारी २०००

फोन आला नाही. दीडपर्यंत बसले. बूथवाला म्हणाला, ‘नवीन साल हाय, लायनी बिझी.’ येताना सगळ्या वाटेनं गेल्या सालचा तापाचा फेब्रुवारीच आठवत होता.

११ जानेवारी

कामावरून येताना अँटेनाच्या बाजूनं आले. एवढ्या मोठ्या ताटल्या, एका इशाऱ्यावर सगळ्या एका दिशेला वळतात. सोपानदादा म्हणतो, कोटी कोटी मैलांवरचं ऐकू येतं त्यांना. मी म्हटलं, मग कोकणातलं तेवढं ऐकून सांग म्हणावं! त्याला वाटलं मी चेष्टा करते.

घरी कुणाशी बोलायचं? आई असती तर आता माहेरी गेले असते. आता माहेर म्हणजे भाऊ, आणि तोही मेंढरांमागं. माणसानं भिंतीशी तरी किती बोलावं. म्हणून ही वही.

६ फेब्रुवारी, रविवार

आला! आला फोन! गेल्या महिन्यात तळ बाजारापासून लांब होता म्हणून जमलं नाही. कुणाला ताप नाही. खाचरं रोज मिळतायत, भात साठतोय. मी विचारलं, ‘लाल चार नीट आहेत ना? पावसानं, घामानं –’ तर म्हणाले, ‘त्या देवाच्या गाठोड्यात ठेवल्यात. जपून.’ देवाच्या गाठोड्यात! माझी चिंधी ह्यांनी भंडाऱ्याशेजारी ठेवली. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. घरी येईपर्यंत हसत होते, येडीसारखी.

१४ फेब्रुवारी

आज पोटात हललं. झुंबरमावशीचा हात धरून पोटावर ठेवला. तिला कान नाहीत, पण हाताला कळलं. ‘व्हय व्हय’ म्हणाली, पण ह्या वेळी खरंच.

ह्यांना सांगायला आणखी तीन आठवडे.

२९ फेब्रुवारी

फेब्रुवारी गेला. एक दिवस जास्तीचा होता मेला, तोही गेला.

५ मार्च

फोन आला, पण रेंगाळत बोलता आलं नाही, बूथवर माणसं उभी होती. हललं म्हणून सांगायचं होतं. सगळ्यांसमोर ओरडून कसं सांगू? ‘इकडं सगळं बरं आहे’ म्हटलं. त्यांना काय कळणार त्यातून!

२ एप्रिल, रविवार

आज मामंजी स्वतः फोनवर! आयुष्यात पहिल्यांदा फोन धरला असेल, बहुतेक उलटं टोक कानाला. बाजूच्या दोन तळांना तापानं झोपवलंय. एकानं नऊ मेंढरं काढली विकायला. ‘आपल्यात कुनाला कायबी न्हाई. सुनबाई, लई झ्याक काम केलंस बघ.’

चार आण्याची कोंबडी कुठं गेली म्हटलं आता? नाही, म्हटलं नाही. मनात म्हटलं.

२३ एप्रिल

पाय सुजतात. पाण्याचा हंडा आता अर्धाच आणते. झुंबरमावशी माझ्या हातचं खाते आणि झोपते. एकटीला जेवण जात नाही, तरी पोटातल्यासाठी खाते.

२४ मे

सोपानदादाचं गाव घाटाजवळच आहे. सुट्टीवरून आला आणि पहिलं हेच – ‘तुझी माणसं घाट चढली. मढच्या पुढं मालक भेटला. समदी धडधाकट!’ आता चरत चरत यायला दोन आठवडे लागतील. पण वर आले! म्हणजे ह्या रविवारी पहिली लाल. मी इथं बसून मोजते, ते तिथं गिळतील.

४ जून, रविवार

दुसरी लाल झाली असेल.

७ जून

आले. दुपारी घंटा ऐकू आली आणि मी अशी बाहेर आले की आत्याबाईच ओरडल्या, ‘पळू नगं, पळू नगं!’ त्रेचाळीसची त्रेचाळीस, वर एकोणीस कोकरं. आठ पोती भात. मामंजींनी अंगणात उभं राहून दोनदा मोजलं आणि पटका काढून डोकं खाजवत बसले, विश्वास बसेना. हे काळे पडलेत. माझ्या पोटाकडं बघितलं आणि मान खाली घातली. लाजले! सहा महिन्यांचं सगळं फिटलं माझं.

‘गोळ्या?’ विचारलं. ‘झालं समदं. तू म्हनली तसं.’

८ जून

ह्यांना थंडी भरली. सकाळी नुसतं अंग मोडून आलं म्हणाले, दुपारी घोंगडीखाली थरथरत होते. मला ती थंडी ओळखू येते. दुसरं कुणी सांगायला नको.

म्हटलं, अजून दोन लाल राहिल्या असतील, आणा माळ. आत्याबाई म्हणाल्या, ‘लाल? त्या आईला वाहिल्या की.’

आमची रीत आहे. घाट चढून आलं की माथ्यावरच्या आईपुढं खालचं थोडं ठेवायचं – मूठभर भात, घोंगडीची एक दशी – लाल फडक्यात बांधून. ‘खालचं खाली’ म्हणायचं आणि मागं न बघता पुढं निघायचं. म्हणजे खालचं दुखणं वर येत नाही. तिघांनी आपापल्या चार-चार लाल पुरचुंड्या आईपुढं ओळीनं ठेवल्या. नारळ फोडला. हे थरथरत म्हणतात, ‘तूच म्हनली, लाल चार घाट चढल्यावर. लाल पुरचुंडीचं आनी काय करत्यात?’

बरोबर आहे. काय करतात? मीच दोनदा बांधलंय ते फडकं! मला ठाऊक होतं. आणि बाराशे रंग सोडून मी लालच घेतला. देवाच्या गाठोड्यात ठेवल्यात म्हणाले तेव्हा हसत घरी आले मी. शाळा शिकलेली! कप्पाळ माझं!

९ जून

संपतभाऊ येऊन काच घेऊन गेले. म्हणाले, मलेरियाच दिसतोय. गोळ्या सुरू केल्या, फुकट. आता ताप आहे ना! घाबरू नका म्हणाले, वेळेत धरलाय. मग डोळे बारीक करून आमची पाण्याची डोणी, रांजण बघत फिरले. ‘ह्यांना चावल्याला डास दुसऱ्याला चावला की झालं. मोठ्यांना जपा.’

मोठी दोघं. तीही खालून आलीत, त्यांच्याही रक्तात लपून बसला असेल. मामंजींना म्हटलं, मी नव्या गोळ्या आणते, चार आठवडे घ्या. तर कानाला हात लावले. ‘आईला वाहिल्यालं परत घ्यायचं? कोप व्हईल.’ नव्या आहेत म्हटलं. ‘त्योच नवस. आईनं घेतल्या म्हंजी झाल्या.’ आत्याबाईही त्यांच्याच बाजूनं. पोराचा ताप? तो भिजला म्हणून.

१० जून

मी पाप केलं. लिहून ठेवते, म्हणजे निदान वहीशी तरी खोटं नको.

मेडिकलमधून सोळा गोळ्या आणल्या. लग्नातल्या चोळीची दुसरी बाही फाडली. आठ पुरचुंड्या, वर कुंकू लावलं, एक खोबऱ्याची वाटी. सोपानदादाच्या हातात दिलं आणि सांगितलं, संध्याकाळी आमच्याकडं ये आणि म्हण, घाटावरून आलो. म्हण, आईच्या पुजाऱ्यानं दिलं, ह्या घरासाठी प्रसाद. सोपानदादानं फडकं उलगडून आत बघितलं. म्हणाला, ‘आईच्या नावानं खोटं बोलू?’ मी म्हटलं, पाप माझं. तू फक्त ये.

आला. चपला बाहेर काढून आत आला, दोन्ही हातांनी दिलं. मामंजींनी फडकं उलगडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी! ‘आईनं परत धाडल्या. चार बाजार घ्यायच्या म्हन.’ कपाळाला लावून ठेवल्या.

मी चुलीकडं तोंड करून बसले. त्यांचं तोंड बघवलं नाही.

११ जून, रविवार

दोघांनी प्रसाद घेतला. ‘आज कडू न्हाई लागत,’ मामंजी म्हणाले.

१५ जून

ह्यांचा ताप उतरला. काच खरी निघाली, मलेरियाच होता. अजून गोळ्या चालू. गेल्या साली बावीस दिवस आणि अकरा मेंढरं. ह्या साली सहा दिवस आणि मेंढरू एकही नाही. हे उशाशी बोलावून म्हणाले, ‘तुला यंदा खाली न्हेलं न्हाई ते बरं केलं बघ. निदान तू तरी वाचली.’ आणि पोटावर हात ठेवला. पहिल्यांदा.

मग मीही सांगितलं, सहा महिने एकटीनं कसे काढले. सगळं नाही. थोडं.

२५ जून, रविवार

तिसरा प्रसाद. डास लई झालेत. कडूनिंबाचा धूर करते मामंजींच्या खाटेखाली.

२ जुलै, रविवार

चौथा! संपलं. ह्यांचा सरकारी कोर्स झाला, ह्या दोघांचे चार बाजार झाले. तिघंच्या तिघं मोकळे. दाई बघून गेली, आठ-दहा दिवस म्हणाली. मामंजी आज विनाकारण टिकल्याच्या घंटेला तेल लावत बसले होते आणि गाणं म्हणत होते. आवाज फार वाईट आहे.

बाळ झालं की घाटावर जाऊन आईपुढं खरं सांगेन. रागावेल तर रागावेल, तीही बाईच आहे.

४ जुलै, मंगळवार

थंडी. मला. दोन गोधड्या, वर घोंगडी, तरी दात वाजतायत. मी तर खाली गेलेच नव्हते! मोठ्यांना मोजलं, ह्यांना मोजलं. मला मोजायचं राहिलं.

मामंजींनी माझ्या कपाळाला हात लावून बघितलं आणि टिकल्याची दोरी सोडली. नारायणगावला विकायला. हे म्हणाले, ‘आबा, थांबा, आधी काच तरी येऊ दे, ताप कसला ते कळू दे.’ मामंजी उंबऱ्यातून ओरडले, ‘दुखनं ठरायची वाट बघू व्हय? गेल्या साली बारा गेली. अकरा न्हाई. बारा!’

घंटा रस्त्यानं लांब चाललीये. पोटात हलतंय.